तिसऱ्या मजल्यावरची बस

पहिल्या दिवशी आप्पांची बस पहिल्याच स्टॉपवर चाळीस मिनिटं उभी राहिली. यात आप्पांची काडीचीही चूक नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते तुम्हाला कोणी सांगणार नाही.

बस टीव्हीतली होती. धाकट्या लेकीला परगावी नोकरी लागली, तेव्हा तिने आपलं सगळं सामान उचललं, पण खेळायचा कन्सोल मात्र टीव्हीखाली तसाच ठेवला. "तिकडे माझ्या खोलीत टीव्ही नाही, आप्पा. तुम्हीच खेळा. यात बस चालवायचा खेळ टाकून दिलाय," असं म्हणून ती गेली. आता आप्पांनी एकतीस वर्षं शहर बस चालवलेली, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. "जन्मभर स्वयंपाक केलेल्या बाईला कोणी भातुकली आणून देतं का?" असं त्यांनी माईंना, म्हणजे आपल्या बायकोला, विचारलं. माई शिवणयंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी तोंडातली टाचणी काढली नाही, म्हणून उत्तर मिळालं नाही.

पंधरा दिवस कन्सोलवर धूळ बसली. सोळाव्या दिवशी दुपारी आप्पांनी तो लावला, तो केवळ या मंडळींनी बसची काय वाट लावली आहे ते पाहण्यासाठी. आणि मग समोर ड्रायव्हरची केबिन आली. खरी केबिन. आरशात मागची मोटार दिसत होती. वायपरची एक बाजू किंचित कुरकुरत होती. इंजिन सुरू झालं तसा आप्पांचा डावा पाय आपोआप उचलला गेला आणि त्यांनी सतरंजीवर क्लच दाबला. दार उघडलं, एक छत्रीवाला चढला, कानात यंत्र घातलेली एक मुलगी चढली, दोन-चार माणसं आणखी चढली. दार मिटलं. आप्पा ताठ बसले आणि वाट पाहू लागले.

कशाची वाट, हे ज्यांनी बस चालवली नाही त्यांना समजावून सांगायला हवं. स्टॉपवर उभी असलेली बस ड्रायव्हर आपल्या मर्जीने हलवत नाही. मागून कंडक्टर दोरी ओढतो. एक बेल म्हणजे थांब, माणूस चढतंय. दोन बेल म्हणजे चल. डबल बेल आल्याशिवाय गाडी हलवणं याला आप्पांच्या डेपोत एकच शब्द होता आणि तो घरात उच्चारण्याजोगा नाही. तेव्हा आप्पा थांबले. पडद्यावर लाल अक्षरं आली. आप्पांनी त्यांना भीक घातली नाही. प्रवाशांनी चुळबुळ केली, छत्रीवाला उतरून गेला, ती मुलगीही गेली. तेवढ्यात लेकीचा फोन आला; आप्पांनी कन्सोल लावल्याचं तिला तिकडे फोनवर दिसलं होतं.

"किती स्टॉप झाले, आप्पा?"

"एकही नाही. बेलच आली नाही."

"कसली बेल?"

"कंडक्टरची."

"आप्पा, या खेळात कंडक्टर नसतो."

"मग गाडी सोडतं कोण?"

"तुम्हीच."

"असं कसं मीच? मागे बाई पायरीवर आहे की आत आहे, हे मला पुढून कसं कळणार?" आप्पांचा आवाज चढला. "हा खेळ ज्याने केला ना, तो कधी बसमध्ये बसलेला नाही."

त्यावर तोडगा माईंनीच काढला. त्यांना ब्लाउजची दोन गिऱ्हाइकं संध्याकाळपर्यंत वाटेला लावायची होती आणि नवऱ्याची बडबड थांबवणं भाग होतं. त्यांनी स्वयंपाकघरातून पातेल्याचं झाकण आणि उलथनं आणलं, खुर्चीमागे उभं राहून दोनदा वाजवलं आणि म्हणाल्या, "जा एकदाचे." आप्पांनी गाडी सोडली. वळणावर त्यांनी इतकी अलगद घेतली की टीव्हीतल्या उभ्या माणसाने दांडीसुद्धा धरली नाही. चार स्टॉप झाले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. त्या दिवशी ते उभ्याउभ्याच जेवले आणि जेवताना हाताने गिअर बदलत होते, असं माई सांगतात.

दुसऱ्या दिवशी माईंनी साफ नकार दिला. "मला कामं आहेत. तुमच्या बसला कंडक्टर लागतो तर पगार देऊन ठेवा." पण तोवर झाकणाचा आवाज समोरच्या घरात पोचला होता. तिथे भूगोलाच्या निवृत्त बाई राहतात. कोणीतरी मदतीसाठी भांडी बडवतंय असं वाटून त्या धावत आल्या, पाहतात तो आप्पा स्टॉपवर उभे. परिस्थिती समजावून घेतल्यावर त्यांनी पदर खोचला आणि झाकण हातात घेतलं.

बाईंचा उत्साह दांडगा, पण अडचण अशी की त्यांना बसच्या खिडकीबाहेर भूगोल दिसायचा. "डावीकडे नदी पाहा. म्हणजे हे शहर गाळाच्या जमिनीवर वसलंय. इथे पूल बांधताना पायासाठी..." पुलाच्या पायाचं होईपर्यंत बस तीन मिनिटं उशिरा. मग तळमजल्यावरचे विमावाले आले. त्यांना आपलं म्हणणं ठसवण्याची सवय असल्याने ते नेहमी तीन बेल द्यायचे. तीन बेल म्हणजे काय, हे जगातल्या कुठल्याही डेपोत ठरलेलं नाही. वर सल्ला चालूच. "आप्पा, त्या ट्रकला मागे टाका. काय होईल? गाडीचा विमा असणारच."

"मी तिथे नुसता ट्रक पाहत नाही," आप्पा म्हणायचे. "मी ट्रकवाल्याचा स्वभाव पाहतो."

आठवडा गेला आणि आप्पांच्या दिवाणखान्याची बस झाली. लोक येताना आपापली खुर्ची घेऊन येऊ लागले. कोणी सांगितलं नव्हतं, पण खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत लागल्या आणि मधून ये-जा करायला वाट राहिली. गॅलरीकडची जागा खिडकीची म्हणून तिच्यावरून बाई आणि विमावाले यांच्यात दोन दिवस अबोला झाला. गाडी वळली की सगळे एका बाजूला कलायचे. ब्रेक लागला की पुढच्याच्या खुर्चीला हात जायचे, पण तो प्रसंग क्वचित, कारण आप्पांचा ब्रेक कळतच नसे. "मी एकतीस वर्षांत कोणाचा चहा सांडू दिला नाही," ते मान न वळवता म्हणायचे, आणि मागे खरोखरच कोणीतरी बशीत चहा ओतून पीत असायचं.

मग सोसायटीची नोटीस आली. चेअरमननी ती जिन्याखाली खिळ्याला लावली. 'तिसऱ्या मजल्यावर दुपारी तीन ते सहा या वेळेत विनापरवाना प्रवासी वाहतूक व घंटानाद चालत असल्याचे निदर्शनास आले आहे. संबंधितांनी तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' आप्पांच्या अभिमानाला फार लागलं. विनापरवाना. त्यांनी आपलं जुनं लायसन काढलं, त्याची प्रत जोडली आणि तीन पानी खुलासा दिला. त्यात मार्ग, स्टॉपची संख्या आणि प्रवाशांची वर्तणूक यांचा तपशील होता. चेअरमन पाहणीला आले. 'पाच मिनिटांत अहवाल देतो,' म्हणून टेकले आणि सहा वाजता बस डेपोत लागली तेव्हा उठले. दुसऱ्या दिवशी नोटीस खिळ्यावरून उतरली. चेअरमनसाठी एक जागा राखीव ठेवावी, एवढीच अट राहिली.

आता मुख्य गोष्ट. त्या खेळात एक मोठी फेरी होती, बावीस स्टॉपची. ती वेळेवर पुरी केली आणि एकाही प्रवाशाची तक्रार आली नाही, तर शेवटी सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र मिळे. त्यावर काय लिहिलेलं असतं, ते बाईंनी एके दिवशी मोठ्याने वाचून दाखवलं. "निष्कलंक सेवा. खाली तुमचं नाव घालतात, आप्पा."

शिवणयंत्राचा आवाज थांबला.

हेच दोन शब्द असलेला कागद चार वर्षांपूर्वी त्यांच्या हातात पडायचा होता. एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, एक तक्रार नाही. डेपोत हार आणून ठेवलेला. शेवटच्या दिवशी, शेवटच्या फेरीत, बाजाराच्या स्टॉपवर आप्पांनी बेल ऐकली आणि गाडी सोडली. पायरीवर एक म्हातारी होती, तिचा एक पाय अजून खाली होता. ती पडली. गुडघा खरचटला, पिशवीतली फळं रस्त्यावर गेली, एवढंच. पण तक्रार झाली, चौकशी बसली. आप्पा म्हणाले, दोन बेल झाल्या. कंडक्टर म्हणाला, मी एकच दिली. साहेबांना ठरवता येईना, म्हणून त्यांनी दोघांच्याही नावापुढे 'निष्काळजीपणा' असं लिहून फाईल बंद केली.

तो कंडक्टर म्हणजे टिकटिक. तिकिटाला भोक पाडायचा चिमटा दांडीवर टिकटिक करत तो गर्दीतून वाट काढायचा, म्हणून सगळा डेपो त्याला टिकटिक म्हणायचा. एकोणीस वर्षं दोघे एकाच गाडीवर होते. एकमेकांच्या डब्यातलं खाल्लेलं, एकमेकांच्या मुलींच्या लग्नात पाहुण्यांच्या पंगती उठवलेल्या. चौकशीनंतर आप्पा घरी बसले आणि टिकटिकची नोकरीची उरलेली दोन वर्षं पासच्या खिडकीमागे गेली. त्याला बसवर परत पाठवलं नाही. तो दोन गल्ल्या सोडून राहत होता. चार वर्षांत दोघांनी एकमेकांना 'काय' एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. समोरून आला की आप्पा चप्पल दुरुस्त करायला खाली वाकायचे. एकदा तर बूट घातलेले असताना वाकले होते.

त्यामुळे ते प्रमाणपत्र आप्पांच्या डोक्यात भरलं. "एकदा ती फेरी निष्कलंक झाली की मी कन्सोल बांधून ठेवीन," असं त्यांनी जाहीर केलं. प्रयत्न सुरू झाले. पहिल्या खेपेला बाईंनी दुहेरी बेल दिली आणि मागोमाग धरणाबद्दल काही आठवून झाकण पुन्हा वाजवलं. दुसऱ्या खेपेला विमावाल्यांचं उलथनं हातातून निसटून चेअरमनच्या पायावर पडलं. ती बेल धरायची की नाही, यावर बस चौकात उभी राहिली. तिसऱ्या खेपेला सतराव्या स्टॉपवर छत्रीवाल्याने तक्रार केली की बस थांबलीच नाही. आप्पांनी लेकीकडून खेळाच्या कंपनीला रीतसर अर्ज पाठवला. 'सदर प्रवासी स्टॉपपासून आठ पावले दूर उभा होता, सबब तक्रार रद्द व्हावी.' उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आमच्या खेळाला आपण पाचपैकी किती तारे द्याल? आप्पांनी दोन दिले, कारण त्या फेरीचे कंपनीने त्यांना दोनच दिले होते.

शेवटी एका दुपारी दारात कोणीतरी खाकरलं. टिकटिक उभा होता. केस पांढरे झालेले, हात पाठीमागे. आप्पांनी सवयीने खाली वाकायला सुरुवात केली, पण ते घरात होते आणि अनवाणी होते.

टिकटिक आप्पांकडे पाहतच नव्हता. "माई, गल्लीत ऐकलं ते खरं का? तुमच्याकडे म्हणे कोणीही बेल देतंय."

"देतात बिचारे," माई म्हणाल्या.

"तीन-तीन देतात म्हणे."

विमावाल्यांनी उलथनं हळूच खुर्चीखाली सरकवलं.

"माई, हे शोभत नाही," टिकटिक म्हणाला. "आम्ही मेलो नाही अजून." त्याने झाकण उचललं, खुर्चीखालचं उलथनं ओढून दोनदा हातात तोललं आणि ते नाकारून खिशातून आपला जुना चिमटा काढला. मग तो मागच्या बाजूला, जिथे कंडक्टर उभा राहतो बरोब्बर तिथे, पाय फाकवून उभा राहिला.

आप्पांनी गळा साफ केला. "माई, त्यांना विचार, बावीस स्टॉप उभं राहायला जमेल का?"

"माई, त्यांना सांगा, माझे पाय मजबूत आहेत. त्यांनी आपला आरसा बघावा."

"तुम्ही दोघं एका खोलीत आहात," माई म्हणाल्या आणि यंत्रावर जाऊन बसल्या. पण यंत्र काही त्यांनी चालवलं नाही.

टिण टिण. गाडी सुटली. अहाहा, काय सुटली. चिमट्याचा झाकणावरचा तो स्वच्छ, छोटा आवाज आला आणि आप्पांच्या पाठीतून काहीतरी सरसरत गेलं. दुसरा स्टॉप, चौथा, सातवा. टिकटिक टीव्हीतल्या माणसांना आत सरकायला सांगत होता. "पुढे चला, पुढे जागा आहे," आणि ती खरंच सरकत होती, अशी चेअरमन आजही शपथ घेतात. अकराव्या स्टॉपला आप्पा हसले. तेराव्याला त्यांनी पुलावर गाडी अशी काही घेतली की बाई भूगोल विसरल्या. सगळ्या खुर्च्या पुढे झुकल्या होत्या. सतरावा स्टॉप, छत्रीवाला आठ पावलांवर, टिकटिकने एक बेल देऊन गाडी थांबवून धरली, छत्रीवाला चढला, मग डबल. विमावाल्यांना राहवलं नाही, त्यांनी टाळी वाजवली आणि बाईंनी ती हातातच दाबली. वीस झाले. वेळेला मिनिटभर राखून.

एकविसाव्या स्टॉपवर एक म्हातारी चढत होती. हातात पिशवी.

टिण.

आप्पांनी गाडी सोडली.

पडद्यावर काहीतरी लाल चमकलं. म्हातारी खाली बसली होती. कोपऱ्यात अक्षरं आली, ती वाचून दाखवायला बाईंची गरज नव्हती. एक तक्रार.

आप्पांनी गाडी कडेला घेतली. त्यांच्या मानेची शीर ताठ झाली. "दोन झाल्या," ते म्हणाले. "दोन बेल झाल्या. माई, विचार सगळ्यांना."

खोलीत त्या दोघांखेरीज नऊ माणसं होती. विमावाले छताकडे पाहू लागले. चेअरमननी चष्मा पुसायला काढला. चौकशीत टिकटिकने जे सांगायचं ते एकदा सांगितलं होतं, आणि ते पुन्हा सांगायला तो आला नव्हता.

"एकच झाली," माई म्हणाल्या. "मी इथेच बसले आहे. एकच."

आप्पांनी मागे वळून पाहिलं. एकतीस वर्षांत त्यांनी फेरी चालू असताना कधी मागे वळून पाहिलं नव्हतं. टिकटिकचा हात झाकणाच्या वर तसाच थांबलेला होता. दुसरी बेल अजून त्या हातातच होती.

"मला ऐकू आली रे," आप्पा हळूच म्हणाले. आता ते माईंच्या मार्फत बोलत नव्हते. "दुसरीही ऐकू आली. अगदी स्पष्ट."

"तेव्हाही आली असेल," टिकटिक म्हणाला.

"एकोणीस वर्षं तू पहिलीमागून दुसरी दिलीस. मी दुसरी ऐकतच नव्हतो. ती येणारच, असं धरून चाललो होतो." आप्पा खुर्चीतून अर्धे उठले. "तुझी दोन वर्षं त्या खिडकीत गेली. माझ्या कानापायी."

"पंखा होता तिथे," टिकटिक म्हणाला. "तेवढं वाईट नव्हतं." आणि त्याने डोळ्यांना बाही लावली. मग त्याला एकदम कामाची आठवण झाली. "म्हातारी उठली का बघ आधी. आणि पुढे अजून एक स्टॉप आहे. प्रवासी खोळंबलेत."

म्हातारी उठली, चढली. टिण. आप्पा थांबले. खोलीतल्या नऊ माणसांनी श्वास धरला. टिण. गाडी हलली आणि शेवटच्या स्टॉपला वेळेवर लागली. सोनेरी चौकट आली नाही, दोन तारे आले. विमावाल्यांनी ते पुष्कळ झाले असं मत दिलं, आणि माईंनी सगळ्यांना चहा केला.

त्याच संध्याकाळी आप्पांनी डेपोच्या साहेबांना अर्ज लिहिला. 'चार वर्षांपूर्वीच्या चौकशीत मी दोन बेल झाल्याचे सांगितले होते. बेल एकच झाली होती. कंडक्टरची चूक नव्हती. तरी त्यांच्या नावापुढील शेरा काढून टाकावा आणि तो माझ्या शेऱ्याला जोडावा.' साक्षीदार म्हणून त्यांनी नऊ जणांची नावं जागेच्या क्रमांकासकट घातली, चेअरमनची राखीव जागाही नमूद केली. टिकटिकने अर्ज वाचला. "शेवटचं वाक्य खोड," तो म्हणाला. "तुला एक शेरा पुरे झाला." आप्पांनी खोडलं नाही.

अर्ज द्यायला दुसऱ्या दिवशी दोघे बसनेच निघाले. हल्लीच्या बसमध्ये कंडक्टर नसतो, तिकीट यंत्रातून निघतं. दोघे पुढच्या बाकावर बसले. माणसं चढली, दार आपोआप मिटलं. समोरचा कोवळा ड्रायव्हर सिग्नलकडे पाहत होता. बस उभीच होती. आप्पांना चैन पडेना. ते टिकटिककडे पाहू लागले.

टिकटिकने मागे वळून दार पाहिलं, पायरी रिकामी असल्याची खात्री केली. मग खिशातून चिमटा काढला आणि दांडीवर दोनदा वाजवला. सिग्नल हिरवा झाला असावा, बस सुटली. आप्पांनी डावा पाय उचलून क्लच दाबला आणि आरामात मागे टेकून बसले.